बंद घरं मोजायची की ऐकायची? प्रोजेक्टला निघण्याआधी हे वाचा

दरवर्षी दिवाळी झाली की मला फोन यायला लागतात. एम.ए.ची, एम.एस.डब्ल्यू.ची पोरं, कुणाकडून तरी नंबर मिळवतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, क्वांटिटेटिव्ह करू की क्वालिटेटिव्ह?" म्हणजे मोजायची पद्धत घेऊ की ऐकायची. मी विचारते विषय काय घेतलास, तर म्हणे तो अजून फायनल नाही. अरे बाबा, बांगडा पाहिजे की सुरमई ते ठरलं नाही आणि रापणीचं जाळं ओढू की गरी टाकू विचारतोयस! काही जण तर खरं कारण पण सांगून टाकतात, गणिताची भीती वाटते म्हणून क्वालिटेटिव्ह, नाहीतर लोकांशी बोलायला लाज वाटते म्हणून गुगल फॉर्म. दोन्ही कारणं चुकीची, पण निदान खोटं तरी बोलत नाहीत.

मी कोणी प्रोफेसर नाही हे आधीच सांगते. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि मग बरीच वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात संस्थांसाठी फॉर्म भरत, मुलाखती घेत, दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलाखती टाइप करत फिरले. त्यात ज्या ज्या ठिकाणी तोंडावर आपटले ते इथे लिहितेय, क्रमवार राहीलच असं नाही. उदाहरण एकच घेऊ, आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेलं, गावातली बंद घरं.

आधी एक प्रश्न, एका वाक्यात

"कोकणातील स्थलांतराचा समाजशास्त्रीय अभ्यास" हा प्रश्न नाही, तो बाइंडिंगवर छापायचा मथळा आहे. प्रश्न म्हणजे ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं. आता ही दोन वाक्यं बघा. आमच्या गावात किती घरांना वर्षातले दहा महिने कुलूप असतं, आणि कुठल्या वाडीत जास्त? हे एक. घर बंद ठेवून मुंबईत राहणारी माणसं ते विकत का नाहीत, आणि गावात मागे उरलेल्यांना त्या कुलपांचं काय वाटतं? हे दुसरं.

पहिल्यात किती, केवढं, कुणापेक्षा जास्त असले शब्द आहेत, तिथे मोजायलाच लागणार. दुसऱ्यात का, कसं, काय वाटतं, तिथे बसून ऐकायला लागणार. पद्धत निवडायची म्हणजे एवढंच, तुमच्या वाक्यातला प्रश्नार्थक शब्द बघायचा. गाइडला कुठली आवडते, मैत्रिणीने कुठली घेतली याचा संबंध नाही. बहुतेक वेळा दोन्ही प्रकारचे शब्द एकाच वाक्यात कोंबलेले असतात, मग वाक्य तोडून दोन करा आणि मुख्य कुठलं ते ठरवा, सहा महिन्यांत दोन्ही पूर्ण होत नाहीत.

आकडा खोटं बोलत नाही पण पूर्ण पण बोलत नाही

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६, आणि अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा ९२९. एका मुलाने यावरून चक्क लिहून आणलं होतं की कोकणात मुलीच्या जन्माचं स्वागत होतं म्हणून हा आकडा चांगला आहे. वाचायला छान वाटतं. पण शून्य ते सहा वर्षांच्या पोरांचा आकडा बघितला तर तो याच दोन जिल्ह्यांत हजाराच्या खाली आहे. म्हणजे मुली जास्त जन्मत नाहीयेत, पुरुष गावात नाहीयेत. ते परळ-लालबागच्या खोलीत होते, मग डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला गेले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरीची मात्र १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. राज्यात घट झालेले जिल्हे तीनच, आपले दोन आणि तिसरा मुंबई शहर.

इथे मोजणीचं बळ पण दिसतं आणि ती कुठे थांबते ते पण. एवढं मोठं चित्र कितीही गप्पा मारून हाती लागलं नसतं, पाराखाली बसलेला माणूस आपल्या वाडीचं सांगेल, जिल्ह्याचं नाही. पण घर रिकामं झालं तेव्हा आतमध्ये काय चाललं होतं, कोणी आधी म्हटलं की आता जाऊया, ते जनगणनेच्या रकान्यात कुठे असणार?

"मी काय काम नाय करत"

माझ्या पहिल्या सर्व्हेत एक साधा प्रश्न होता, आपण काम करता का, होय किंवा नाही. एप्रिल महिना, एका घरी काकी पडवीत बसून ओले काजू सोलत होत्या. ओल्या काजूचा चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, म्हणून त्या मधे मधे बोटं राखेत बुडवत होत्या, तरी बोटं काळी पडलेलीच. शेजारी टोपलीत गर, ते संध्याकाळी बाजारात जायचे. मी फॉर्म काढला आणि विचारलं, काकी, तुम्ही काम करता का? म्हणाल्या, "मी खंय काम करतंय, घराकच असतंय." आणि मी 'नाही' वर टिक केली! टिक करताना समोर काजू दिसत होते मला. संध्याकाळपर्यंत जवळपास प्रत्येक बाईच्या पुढे 'नाही' होतं आणि मी खूश, डेटा किती एकसारखा आलाय.

चूक काकींची नव्हती. 'काम' म्हणजे त्यांच्या लेखी पगाराचं, बाहेर जाऊन केलेलं, मुंबईच्या पोराचं असतं तसं. हा गोंधळ फक्त माझ्यासारख्या नवख्यांचा नाही, सरकारी श्रमशक्तीच्या सर्व्हेत सुद्धा घरकाम करणाऱ्यांसाठी वेगळे कोड आहेत, ९२ आणि ९३, आणि त्यात गेलेली बाई श्रमशक्तीत धरली जात नाही. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने टाइम यूज सर्व्हे केला त्यात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, चोवीस तासात काय काय केलं ते विचारलं. आता मी पण तेच करते. काल उठल्यापासून सांगा काकी. मग चूल, पाणी, गुरं, परसातली मिरची, काजू, दुपारी कुणाच्या तरी बागेत आंबे भरायला, सगळं बाहेर येतं, आणि ते सगळं मोजता पण येतं.

म्हणून माझा हट्ट असतो, फॉर्म छापायच्या आधी पाच-सहा जणांशी नुसतं बोला. लोक ज्या गोष्टीला जो शब्द वापरतात तो कळला नाही तर तुम्ही तीनशे घरं फिरा नाहीतर तीन हजार, चूक तेवढीच मोठी होत जाते. बाजारातली तागडी रोज बरोब्बर शंभर ग्रॅम कमी दाखवते तशी. रोज तेच दाखवते म्हणून भरवशाची, पण खरी नाही. पुस्तकात याला विश्वसनीयता आणि वैधता म्हणतात आणि पेपरात दोघांतला फरक पाच मार्कांना येतो, तागडी लक्षात ठेवा.

घरात किती माणसं?

याहून सोपा प्रश्न काय असणार असं वाटतं ना. आजी म्हणतात आम्ही अकरा. आत बघितलं तर आजी आणि एक सून. बाकीचे नऊ जण बोरिवलीत. आजी खोटं सांगत नाहीयेत, त्यांचं घर अकरा माणसांचंच आहे, गणपतीत या आणि अकरा ताटं मोजा. जनगणनेत कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. आपल्याकडे एक मोठं चौपाखी घर असतं, तीन भावांचं, मधे भिंत नाही पण चुली तीन, त्यातल्या दोन थंड. मग हे घर एक, कुटुंबं तीन, की राहणारं कुटुंब एक? आणि ते 'बंद' धरायचं की 'उघडं'?

उत्तर कुठलंही द्या, फक्त पहिल्या घरी जायच्या आधी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि टीममध्ये चार जण असाल तर चौघांनी तेच धरा. आम्ही ठरवलं होतं की मागच्या तीस दिवसांत ज्या चुलीवर रोजचं जेवण शिजलं ती चालू चूल. सोपं, विचारता येतं, आजींनाही पटतं.

शितावरून भाताची परीक्षा, पण भात ढवळलाय का?

सॅम्पलिंग, म्हणजे सगळ्यांऐवजी थोडेच निवडून विचारणं, समजवायला मला यापेक्षा चांगली म्हण मिळालेली नाही. चार शितं चेपून अख्खा टोप शिजला की नाही कळतं, पण तळाशी लागलेलं आणि वर कच्चं असेल तर तुम्ही जिथली शितं घेतली तेवढंच कळलं. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या, आणि तरी सांगितलं लँडन जिंकणार. जिंकला रूझवेल्ट, ते पण प्रचंड फरकाने. नावं काढली होती टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून, त्या काळात फोन-मोटार कुणाकडे असणार, आणि वर उत्तर पाठवण्याइतकी खुमखुमी असलेल्यांनीच उत्तरं पाठवली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्यापेक्षा कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर सांगितलं.

तुमच्या गुगल फॉर्मचं हेच होतं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलात की भरणार कोण, तर मुंबईतले चाकरमानी, ज्यांना गावाची ओढ आहे आणि ऑफिसात नेट आहे. मग निष्कर्ष निघतो की ९० टक्के लोकांना गावी परत यायचंय. हो का? मग येत का नाहीत?

प्रत्यक्ष फिरलात तरी सुटका नाही. आपली गावं वाड्यांत विखुरलेली, एक खाडीकाठी, एक सड्यावर, मधे घाटी. पोरं एसटीतून उतरतात आणि डांबरी रस्त्यालगतची घरं करतात, बौद्धवाडी टोकाला असते तिथे जायला तीन वाजतात आणि चारची गाडी पकडायची असते. म्हणून वाडीवार हिस्सा आधी ठरवा. गावात ८०० घरं आहेत आणि मच्छीमारांच्या खारवीवाड्यात त्यातली २००, तर सॅम्पलचा चौथा हिस्सा तिथून आलाच पाहिजे, मग कितीही चढ असो.

यादी कुठली घेणार हा पुढचा प्रश्न आणि हा लोक सगळ्यात कमी विचारतात. मतदार यादीत मुंबईला गेलेल्यांची नावं तशीच असतात. रेशनकार्डाचं तेच. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचं रजिस्टर, त्यात बंद घरं पण मिळतात, त्यामुळे आपल्या विषयाला तेच बरं. कोण खरंच राहतंय ते आशाताई नाहीतर अंगणवाडी सेविकेला विचारा, त्यांची वही तलाठ्यापेक्षा ताजी असते. आणि एक वर्ग यातल्या जवळपास कुठल्याच यादीत सापडत नाही. आंब्याच्या बागेत राखणीला झोपडीत राहणारी नेपाळी कुटुंबं आणि बोटीवरचे नेपाळी खलाशी. गावात राहणारी, काम करणारी, बाजार करणारी माणसं, पण तुमच्या संशोधनात शून्य. ज्या गावाला आपण रिकामं म्हणतो तिथे ती भरलेली आहेत, पण यादी नाही म्हणून दिसत नाहीत.

आता किती घरं करायची. गाइड म्हणतात शंभर कर. का शंभर, तर गेल्या वर्षी पण शंभरच होती. निदान एक साधं सूत्र तरी वापरा, तारो यामाने यांच्या नावाने ओळखलं जातं. एकूण घरं गुणिले चालेल तेवढ्या चुकीचा वर्ग, त्यात १ मिळवा, आणि एकूण घरांना त्या आकड्याने भागा. पाच टक्के चूक चालणार असेल तर ८०० घरांसाठी ८०० × ०.०५ × ०.०५ म्हणजे २, अधिक १ म्हणजे ३, आणि ८०० भागिले ३ म्हणजे २६७. आता गंमत बघा, गाव दहापट मोठं धरा, ८००० घरं, तर उत्तर येतं ३८१. दहापट नाही. याच हिशोबात मोठ्या गावात शंभर घरं केलीत तर साधारण १० टक्के इकडे तिकडे, चारशे केलीत तर ५ टक्के. चूक अर्धी करायला मेहनत चौपट, तेव्हा पाय किती चालणार तेही बघा. आणि हे सगळं तेव्हाच खरं जेव्हा घरं चिठ्ठ्या टाकून निवडलीत, दार उघडं दिसलं म्हणून नाही.

चिठ्ठीत निघालेल्या घराला कुलूप असेल तर? शेजारच्या घरात जाऊ नका! मी हे ओरडून सांगते कारण सगळे तेच करतात. आपला विषयच कुलूप आहे ना, मग ते कुलूप हाच डेटा. नोंद करा, शेजाऱ्याला विचारा कधी उघडतं, मुंबईचा नंबर मिळाला तर फोन करा.

मुलाखतींसाठी मात्र हे गणित लावू नका. तिथे १२ की १५ की २० हे आधी सांगता येत नाही, नवीन काही ऐकू यायचं बंद झालं की थांबायचं. २००६ मध्ये काही संशोधकांनी घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासून बघितलं की नवे मुद्दे कुठपर्यंत येत राहिले, तर बहुतेक पहिल्या बारातच आले होते. पण ते एकसारख्या लोकांबद्दल आणि ठराविक विषयावर. तुम्ही सासू, सून, खलाशी आणि विरारचा मुलगा असे चार तऱ्हेचे लोक घेतलेत तर बाराने भागणार नाही. निवड पण चिठ्ठीने नाही, ज्याला जास्त माहीत आहे त्याच्याकडे मुद्दाम जायचं. हा पक्षपात नाही, फक्त का गेलात ते लिहा. आणि वीस मुलाखतींवरून "७० टक्के लोकांना वाटतं" असं चुकूनही लिहू नका, वीसपैकी चौदा जण म्हणाले असं लिहा.

ऐकायचं कसं

वेळ. आंब्याच्या सीझनमध्ये बागवाल्याकडे जाऊ नका, हाकलून देईल आणि बरोबर करेल. मच्छीमारांशी निवांत बोलायचं तर १ जून ते ३१ जुलै, बंदी असते, बोटी वर काढलेल्या असतात, जाळी शिवत बसलेले असतात आणि हात कामात असला की माणूस मोकळं बोलतो. हर्णैला लिलाव चालू असताना रेकॉर्डर लावला होता एकदा, घरी ऐकलं तर नुसता आरडाओरडा. मुंबईकरांना गाठायचं तर गणपती, पण पहिले दोन दिवस सोडा.

लोकांना साल आठवत नाही, घटना आठवतात. "घर केव्हा बंद झालं?" ला उत्तर येत नाही. गिरण्यांचा संप झाला तेव्हा (१९८२) उघडं होतं का? रेल्वे सुरू झाली तेव्हा (१९९८)? फयान वादळात (२००९)? तौक्तेत (२०२१) कौलं उडाली ती कोणी लावली? हा शेवटचा प्रश्न तर सोन्यासारखा आहे, त्यातून घराची जबाबदारी कोणावर आहे ते आपोआप कळतं.

'सहमत, पूर्णपणे सहमत' वाली पट्टी, जी लिकर्ट यांनी १९३२ मध्ये काढली, ती कॉलेजच्या पोरांवर चालते. आमच्या आजी प्रत्येक वाक्याला "होय तर" म्हणतात, कारण तुम्ही पाहुणे आहात आणि पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. त्यापेक्षा दहा काजूबिया पुढे ठेवा आणि तीन वाट्या. घर चालतं त्यात मुंबईहून येणारे पैसे किती, मासळी किती, आंबा-काजू किती, बिया टाकून दाखवा. एका घरी सासूने मुंबईच्या वाटीत सात बिया टाकल्या, सुनेने काही न बोलता त्यातल्या तीन उचलून मासळीच्या वाटीत टाकल्या. सासू बघत राहिली. आकडा तर मिळालाच, पण पुढचा पाऊण तास जे बोलणं झालं ते कुठल्याही फॉर्मने काढलं नसतं.

उत्पन्न रुपयात विचारलंत की उत्तर चुकीचंच येतं, कधी योजनेच्या आशेने कमी तर कधी इज्जतीने जास्त. बागवाल्याला विचारा यंदा पेट्या किती भरल्या, किती डझनी, वाशीहून दलालाची पट्टी काय भावाने आली. खलाशाला विचारा बोटीत वाटे किती पडतात आणि त्याला किती वाटे. हिशोब तुम्ही करा, त्यांना करायला लावू नका.

टाइप करण्यापासून कोडिंगपर्यंत

एका तासाची मुलाखत टाइप करायला पाच-सहा तास लागतात, मालवणी असेल तर जास्त, फोनचं व्हॉइस टायपिंग 'खंय' चं काय काय करून ठेवतं ते विचारू नका. बोली आहे तशी ठेवा. 'शुद्ध' करताना अर्थ सांडतो.

मग कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना छोटी नावं देणं, ज्याला सगळे उगाच घाबरतात. एक वाक्य घेऊन दाखवते, एक काका म्हणाले होते: "पोरगे गणपतीक येतत तेवा घराक घरपण, बाकी आमी काय, राखणीक बसलंव." समासात मी लिहिलं, 'सणापुरतं घर' आणि 'राखण'. पुढच्या चार मुलाखतींत राखण हा शब्द वेगवेगळ्या तोंडून परत आला, एक काकी तर हसत म्हणाल्या, आम्हीच आता राखणदार झालो, वर्षाला एक नारळ द्या आम्हाला (जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, देतात तसा). म्हणजे मागे राहिलेली माणसं स्वतःला मालक समजत नाहीत, वारस पण नाही, राखणदार समजतात. घर विकत का नाहीत याचं अर्धं उत्तर इथे होतं. घर ज्याच्या हातात आहे त्याला ते विकायचा आपला हक्क वाटत नाही, आणि ज्यांची नावं सातबारावर आहेत ते बारा जण एका ठिकाणी जमत नाहीत. हा शब्द मी शोधला नव्हता, माझ्या प्रश्नावलीत तो नव्हताच. रंगीत पेनं आणि शंभर पानी वही पुरते यासाठी, सॉफ्टवेअर नसलं तरी अडत नाही.

आता इथून परत मोजणीकडे जाता येतं, आणि मला विचाराल तर हाच रस्ता बरा. ऐकलेल्या शब्दांचा फॉर्म बनवा. कुलूप कधी उघडतं: गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात, फक्त कार्याला, कधीच नाही. राखण कोण करतं: भाऊबंद, शेजारी, पगारी माणूस, कोणी नाही. आता २६७ घरं फिरा. कदाचित कळेल राखण प्रकरण एकाच वाडीतलं होतं, तुम्हाला भेटलेले काका-काकी एकाच भावकीतले होते. हे व्हायचं खूप जास्त चान्सेस असतात, कारण पहिला माणूस दुसऱ्याकडे पाठवतो आणि दुसरा आपल्याच चुलत्याकडे. उलट रस्ता पण आहे, आधी मोजा, एखाद्या वाडीत कुलपं विचित्र कमी निघाली तर तिथे जाऊन बसा आणि का ते ऐका.

टेबलं करताना वाडी आडवी, कुलूप उभं, काय-स्क्वेअर (दिसणारा फरक नुसता योगायोग आहे का ते तपासायची चाचणी) लावता येईल, फक्त रकान्यात अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जायला लागली तर रकाने एकत्र करा. एक्सेलमध्ये भागतं.

दोन गोष्टी राहिल्या

नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही. "गावातील एक निवृत्त परिचारिका" असं लिहिलंत की अख्ख्या पंचक्रोशीला कळलं कोण. वाडी, वय, धंदा यातलं एखादं तरी झाकायलाच लागतं. भावकीचं भांडण सांगितलं असेल तर टाकायच्या आधी त्यांना परत विचारा.

आणि बॅकअप. १९७० साली स्टॅनफर्डमध्ये लागलेल्या आगीत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुरा गावच्या तयार केलेल्या नोंदी जळाल्या आणि त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं. ते श्रीनिवास होते. आपण पावसात होडीतून उतरताना वही भिजवणारी माणसं, रोज रात्री पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करा.

सबमिट करायच्या आधी एक दिवस गावात जाऊन टेबल वाचून दाखवा. आम्ही देवळाच्या सभामंडपात वाचलं, या वाडीत बंद घरं एवढी. मागून एक जण म्हणाला त्यातलं एक काढा, ते बंद नाही. पुढच्या दाराला कुलूप आहे कारण पुढचा भाग मुंबईच्या दिराचा, म्हातारी मागच्या पडवीत राहते आणि परसातून ये-जा करते. आम्ही तीनदा त्या घरासमोरून गेलो होतो. मग बाकीच्या कुलपांच्या मागच्या बाजू पण बघून आलो, त्यात अजून एक दिवस गेला.